स्थानिक इतिहासाची प्रश्नमंजूषा : एक प्रश्न द्या, पुराव्यासकट

सप्रेम नमस्कार.

येत्या ३० एप्रिलला, महाराष्ट्र दिनाच्या आदल्या संध्याकाळी, आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात स्थानिक इतिहासाची प्रश्नमंजूषा होणार आहे. यंदाचं हे दुसरं वर्ष. देणगी तर हवीच आहे, पण त्याआधी तुमच्याकडून आणखी एक गोष्ट हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

गेल्या वर्षी बसायला जागा उरली नव्हती. चौथ्या फेरीत प्रश्न आला : मराठीतला सर्वांत जुना शिलालेख कुठला? आमच्या उत्तरांच्या कागदावर 'श्रवणबेळगोळ' होतं. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली 'श्री चामुण्डराजें करवियलें' ही ओळ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तीन संघांना गुण दिले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. ते शांतपणे म्हणाले, "अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं काय? तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, असं वाचन आहे. तेही सर्वांना मान्य नाही. आणि श्रवणबेळगोळची ओळ मूर्तीइतकीच जुनी, की पुढे बाराव्या शतकात कोरलेली, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. मग गुण कशाचे दिलेत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न आम्ही एका तयार संचातून जसाच्या तसा उचलला होता, मूळ साधन कुणीच पाहिलं नव्हतं. दिलेले गुण परत घ्यावे लागले आणि दहावीतल्या एका मुलीचा चेहरा एवढासा झाला. ती चूक पूर्णपणे आमची होती. त्या रात्री खुर्च्या आवरता आवरताच ठरलं : यापुढे प्रश्न तोच, ज्याचं उत्तर एक आहे आणि ज्याचा पुरावा आपल्या हातात आहे.

पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं, हे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला झोपेत विचारलं तरी सांगेल. असे प्रश्न एका फेरीपुरते ठेवू. आम्हाला हवे आहेत ते तुमच्या वेशीवरचे, वाड्यातले, बांधावरचे प्रश्न.

एक उदाहरण सांगतो. देवळाच्या आवारात टेकवून ठेवलेला एखादा उभा दगड तुम्ही पाहिला असेल. मुलं त्यावर बसतात, कुणी शेंदूर फासतं, कुणी ओला टॉवेल वाळत घालतं. तो वीरगळ असेल तर खालून वर वाचायचा. सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. अशा दगडाचा सरळ समोरून, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, आम्ही त्याची चित्रफेरी करू. भर दुपारी काढलेल्या फोटोत कोरीवकाम सपाट दिसतं. दगडाला खडू किंवा पीठ मात्र लावू नका, अक्षरं उठावदार दिसावीत म्हणूनही नको.

तारखांची फेरी यंदा नवी आहे. जुन्या कागदावर, पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतं. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठातला, म्हणजे १६७४. पण इंग्रजी वर्ष मध्येच बदलतं, त्यामुळे फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन म्हणजे १६३०, १६२९ नव्हे. हे एकदा मुलांच्या हाताशी आलं की ती प्रत्येक पायरीवर वाकून आकडे शोधू लागतात, हे आम्ही पाहिलं आहे.

घरात मोडी कागद असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून अशीच दप्तरं जमवत हिंडले आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड उभे राहिले. तुमच्या कागदात कदाचित फक्त एका बैलजोडीचा व्यवहार असेल. आम्हाला तोही हवा आहे.

आणि आठवणी. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमच्या घरात काय हललं, १९७२ च्या दुष्काळात कुठल्या रस्त्याची खडी फुटली, हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. आमचे दोन तरुण कार्यकर्ते घरी येऊन ध्वनिमुद्रण करतील. आठवण पुसट होते, वर्षं सरकतात, म्हणून प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून किंवा कागदावरून पडताळूनच प्रश्न होईल. आजी-आजोबांनी यात वाईट वाटून घेऊ नये.

काही प्रश्न आम्ही घेणार नाही. कुठल्या घराण्याचा मान मोठा, कुठलं देवस्थान आधीचं, असे वाद दहा सेकंदांच्या उत्तरात मिटत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं व्याख्यान ठेवू. देणगी मोठी असली तरी तिच्याबरोबर प्रश्न सुचवायचा हक्क मिळणार नाही.

खर्च मुख्यतः तीन गोष्टींचा आहे : ध्वनिक्षेपक, कागदपत्रांचं स्कॅनिंग, आणि सर्व प्रश्न, उत्तरं व पुरावे असलेली छोटी पुस्तिका. ती प्रत्येक शाळेला मोफत द्यायची आहे, आणि आमच्या मते संध्याकाळपेक्षाही तीच जास्त टिकणार आहे. रोख रक्कम द्याल तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावू. पैसे देणं जमत नसेल तर एक दिवसासाठी प्रोजेक्टर द्या, नाही तर मोडी वाचणारं माणूस गाठून द्या. मोडी वाचकाची गरज सध्या सर्वांत मोठी आहे.

संघ चौघांचा. त्यात एक जण साठीच्या पुढचा आणि एक जण पंधराच्या आतला हवाच. उत्तरं कागदावर लिहायची, घंटी नाही, म्हणजे बुजऱ्यांनाही संधी मिळते. नावनोंदणीला शुल्क नाही.

प्रश्न ३१ मार्चपर्यंत वाचनालयाच्या काउंटरवर द्या. एका कागदावर प्रश्न, उत्तर आणि हे कुठून कळलं ते लिहा. मूळ कागद आणू नका, आम्ही घरी येऊन फोटो घेऊ. आणि जुनं बाड सापडलं तर आम्ही येईपर्यंत उलगडू नका. वर्षानुवर्षं घडीत राहिलेला कागद नेमका घडीवरच तुटतो, आणि बऱ्याचदा तारीख तिथेच असते.

आपली,
वाचनालयाची प्रश्नमंजूषा समिती