जॉबरमामाचा पगार, डर्कचा पगार

आयर्व्हिंग, टेक्सास
20 ऑगस्ट 2016

ती. आण्णांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या तिकडं असल्या माणसाचं काय करतात रे?" आणि मी काहीतरी हं हं करून फोन आईकडं द्यायला लावला. बंडू शेजारीच बसलाय हे तुमच्या आवाजावरून कळत होतं. त्याच्यासमोर बोललो असतो तर मी तुमच्या बाजूचा ठरलो असतो नाहीतर त्याच्या. म्हणून हे पत्र. आज शनिवार, मुलं पोहायला गेलीत, दोन तास हातात आहेत.

मला समजलं ते असं. आपल्या शेडमधले माग जुळवणारा, दुरुस्त करणारा जॉबरमामा बासष्टचा झाला. संध्याकाळी लाईट लावल्यावर त्याला तुटलेला धागा दिसत नाही, मागच्या महिन्यात दोन ताग्यांत डाग निघाले आणि व्यापाऱ्यानं बिलातून पैसे कापले. बंडूला जुने आठ माग काढून रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे माग, बसवायचेत. त्याला नवा शिकलेला पोरगा लागणार आणि तो पंधरा हजारांच्या खाली उभा राहणार नाही. म्हणून बंडू म्हणतो, मामाचे सतरा हजार दहावर आणा. तुम्ही म्हणता, 2005 च्या महापुरात पाणी शेडमध्ये शिरलं तेव्हा ह्या माणसानं रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोटारी खोलल्या आणि माळ्यावर चढवल्या, त्याचा एक रुपया कमी होणार नाही.

इथल्या ऑफिसांत अशा माणसाला काय करतात ते सांगण्यात अर्थ नाही. एक पुठ्ठ्याचं खोकं देतात, टेबलावरचं सामान भरायला. पण नेमका हाच प्रश्न गेला महिनाभर अख्ख्या डॅलसमध्ये चघळला जात होता, तोही सात फुटी माणसाबद्दल. तो सांगतो.

डर्क नोव्हिट्स्की. इथल्या मॅव्हरिक्स बास्केटबॉल टीमचा. जर्मन आहे, वीस वर्षांचा असताना आला आणि 1998 पासून ह्याच एका टीममध्ये. आत्ता जूनमध्ये 38 पूर्ण झाली. 2011 साली टीमला पहिलं आणि आजवरचं एकमेव विजेतेपद मिळालं ते ह्याच्या जिवावर. त्या फायनलचा चौथा सामना तर तो अंगात ताप असताना खेळला. मी इथं आलो तेव्हा मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कबड्डी बघून वाढलेला माणूस मी, दर अर्ध्या मिनिटाला गुण मिळतो त्यात मजा काय, असं वाटायचं. मागच्या हिवाळ्यात एका सहकाऱ्यानं तिकीट दिलं, पार वरच्या रांगेतलं. तिथून डर्क पळताना दिसला तो अगदी आपल्या जॉबरमामासारखा. गुडघे धरल्यासारखे, बाकीचे चौघं पुढं पोचलेले, हा मागून येतोय. मग चेंडू त्याच्या हातात आला. समोरच्याकडं पाठ केली, खांद्यानं जरा अंदाज घेतला, वळला, आणि एका पायावर मागं कलंडत, दुसरा गुडघा वर घेऊन, चेंडू अशा उंचीवरून सोडला की समोरच्या पोराचा हात तिथं पोचलाच नाही. ते पोर असेल बावीस-तेवीसचं. वयानं पळणं गेलं, पण उंची आणि मनगट काही गेलं नाही. गेल्या मोसमात 82 पैकी 75 सामने खेळला आणि सामन्याला 18.3 गुण काढले, सदतिसाव्या वर्षी.

आता पगार. इथं मालकाकडं कितीही पैसा असला तरी वाटेल तसा उधळता येत नाही. लीग, म्हणजे ह्या सगळ्या टीमांची मिळून संघटना, दरवर्षी एक आकडा ठरवते, एका टीमनं खेळाडूंच्या पगारावर साधारण एवढंच खर्च करायचं. म्हणजे भाकऱ्या मोजून दिलेल्या. एकाच्या पानात चतकोर जास्त पडली की दुसऱ्याच्या पानात तेवढी कमी. दहा वर्षं झालेला मोठा खेळाडू त्या आकड्याच्या 35 टक्क्यांपर्यंत मागू शकतो. तेव्हा म्हाताऱ्या हिऱ्याला किती द्यायचं हा प्रश्न तिथं नुसता मालकाच्या दानतीचा राहत नाही. त्याला दिलेला प्रत्येक डॉलर शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या गड्याच्या वाट्यातला असतो.

डर्कनं 2014 मध्ये काय केलं बघा. त्या वर्षी त्याला 2 कोटी 27 लाख डॉलर मिळत होते. करार संपला. लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टनवाले त्याला नियमात बसेल तितका जास्तीत जास्त पगार द्यायला तयार आहेत अशा बातम्या होत्या. हा डॅलसलाच राहिला आणि तीन वर्षांचे मिळून अडीच कोटी घेतले. म्हणजे वर्षाला आधीच्या जवळजवळ एक तृतीयांश. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उरलेल्या पैशात चांगली माणसं आणा, मला अजून एकदा जिंकायचंय, इतकाच त्याचा हिशेब.

आणि आण्णा, माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. मालकानं त्या वाचलेल्या पैशाचं काय केलं? चँडलर पार्सन्स नावाचा एक देखणा पोरगा आणला, तीन वर्षांचे 4 कोटी 60 लाख. त्याचा गुडघा गेला, दोन्ही मोसम ऑपरेशननं संपले, आणि आता जुलैमध्ये तो 9 कोटी 40 लाखांवर दुसऱ्या टीमकडं निघूनही गेला. मागच्या वर्षी डीआँड्रे जॉर्डन म्हणून एका उंच गड्यानं येतो म्हणून शब्द दिला. सही व्हायच्या आदल्या दिवशी त्याच्या जुन्या टीमचे लोक घरी जाऊन बसले आणि त्याचं मन फिरवलं. सुपारी फुटून लग्न मोडतं, तसं. 2011 नंतर ह्या टीमनं प्लेऑफची, म्हणजे मोसमाच्या शेवटी होणाऱ्या बाद सामन्यांची, एकही फेरी जिंकलेली नाही. म्हाताऱ्यानं पोटाला चिमटा काढला आणि वाचलेलं पाण्यात गेलं.

ह्याच्या उलट इथून साडेचार तासांवरच्या सॅन अँटोनियोत झालं. तिथल्या स्पर्स टीमच्या टिम डंकन नावाच्या खेळाडूला वर्षाला 2 कोटी 10 लाखांच्या वर मिळत होते, त्यानं 2012 मध्ये तीन वर्षांचे मिळून 3 कोटी घेतले. त्यांनी त्याच उन्हाळ्यात आपली उपयोगी माणसं, डॅनी ग्रीन, बोरिस डिआव, टिकवून धरली आणि 2014 ला करंडक घरी आणला. डंकन गेल्या महिन्यात निवृत्त झाला, गाजावाजा न करता, एका साध्या पत्रकावर. दोघांनीही आपलं सोडलं. एकाच्या घरच्यांनी त्याचं सोनं केलं, दुसऱ्याच्यांनी माती. तेव्हा बंडूला एवढंच विचारा: मामाचे सात हजार वाचले तर ते नक्की कुठं जाणार? रॅपियरच्या हप्त्यात जाणार असतील तर तसं मामाच्या तोंडावर सांगता यायला पाहिजे. नव्या बुलेटच्या हप्त्यात जाणार असतील तर विषय तिथंच संपला. (हे वाचून दाखवताना ही ओळ गाळा.)

पण तुमचंही सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तुमच्यासारखा विचार लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी केला. कोबी ब्रायंट, त्यांचा पाच विजेतेपदांचा राजा. एप्रिल 2013 मध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली. आणि तो पुन्हा मैदानात उतरायच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये, त्यांनी त्याला पुढच्या दोन वर्षांचे 4 कोटी 85 लाख लिहून दिले. पाय कसा आहे, पळता येतंय का, काही बघितलं नाही. डिसेंबरात परत आला, सहा सामन्यांत गुडघ्याचं हाड मोडलं. नव्या कराराच्या पहिल्या वर्षी एकट्याचा पगार टीमच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होता. त्या दोन वर्षांत टीम 82 पैकी 21 आणि मग 17 सामने जिंकली. मागचे उपकार म्हणून दिलेले पैसे पुढच्या कामाचा पगार म्हणून लिहिले की असं होतं. आता ह्याच एप्रिलमध्ये शेवटच्या सामन्यात त्यानं 60 गुण काढले, पन्नास वेळा चेंडू टाकून. लोक रडले, तिकिटांना हजारो डॉलर मोजले. लेकर्सच्या लोकांना विचाराल तर ते म्हणतील पैसे वसूल. मला ते पटत नाही, पण ती रात्र मीही जागून बघितली, खोटं कशाला बोलू.

आणि नुसतं घासाघीस करत बसलं तर काय होतं ते मायामीत झालं. ड्वेन वेड, तिथं तेरा वर्षं, तीन विजेतेपदं. बाकीच्यांना जागा व्हावी म्हणून त्यानंही पुन्हा पुन्हा कमी घेतलं; 2014 मध्ये तर हातातला दोन वर्षांचा 4 कोटींच्या वरचा करार सोडून दिला. ज्याच्यासाठी सोडला तो त्याचा जोडीदार, लेब्रॉन जेम्स, त्याच उन्हाळ्यात निघून गेला. आता 34 व्या वर्षी वेडला वाटलं, मागचं काहीतरी परत मिळेल. टीम म्हणाली, पुढचं बघून देणार. आकड्यात फरक फार नव्हता, दोन वर्षांचे 41 आणि 47, दोन्ही लाखांत नव्हे, दशलक्षात. तो सामान उचलून शिकागोला गेला. पैशापेक्षा त्याला झोंबलं ते वेगळंच, हे इथं लहान पोरसुद्धा सांगेल.

डर्कचं मात्र बरं झालं. ह्या जूनमध्ये त्यानं उरलेल्या एका वर्षाचा, 87 लाखांचा, करार सोडला. टीमनं आधी दुसऱ्या मोठ्या खेळाडूंच्या पायऱ्या झिजवल्या, दोघांनी नकार दिला. मग डर्कला दोन वर्षांचे 4 कोटी देणार अशी बातमी आली, आणि सही झाली तेव्हा आकडा 5 कोटी. वर्षाला अडीच कोटी डॉलर, आपले सुमारे 167 कोटी रुपये. त्याहून तरुण, त्याहून चपळ अशा हॅरिसन बार्न्सला आणलाय, त्याच्या वर्षाच्या पगारापेक्षाही डर्कचा जास्त. टीमचा मालक मार्क क्युबन ह्याचं इथं फार कौतुक चाललंय, म्हाताऱ्याची परतफेड केली म्हणून.

मी जरा हात राखून कौतुक करतो. टीव्हीवाल्यांशी लीगचा नवा करार झालाय, नऊ वर्षांचे 2400 कोटी डॉलर, त्यामुळं टीमची मर्यादा एका वर्षात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर उडाली. शिवाय त्या आकड्याच्या 90 टक्के तरी खर्च करावेच लागतात, नाहीतर उरलेले त्याच खेळाडूंत वाटले जातात. म्हणजे पैसे कुणाला तरी द्यायचेच होते. ज्यांना आधी द्यायचे होते ते आले नाहीत. भरल्या घरात दान सोपं असतं, 2014 मध्ये दिले असते तर गोष्ट वेगळी. तरीपण दिले. न देणारेही असतातच की.

ह्यांच्या नियमांतली एक गोष्ट मला आवडते. वय झालेल्या खेळाडूचा किमान पगार जास्त असतो, म्हणून टीम त्याला टाळून पोरांना घेतील, अशी भीती. म्हणून एक वर्षाच्या किमान पगारावर म्हातारा घेतला तर वरचा फरक लीग भरते. टीमला तो तरुणाच्याच भावात पडतो. आपल्याकडं असा फरक कोण भरणार? मागवाल्यांची असोसिएशन? राहू दे.

तर मामाचं. तुमच्यावर लीगची मर्यादा नाही, बँकेची आहे. मला वाटतं दोन हिशेब वेगळे मांडा. महापुरातल्या मोटारींचं देणं असेल तर ते एकदाच, रोख, दिवाळीच्या बोनसच्या पाकिटात नव्हे तर वेगळं, त्याच्या घरी जाऊन द्या. त्यात माझा अर्धा वाटा धरा, मीही त्या माळ्यावर झोपून अभ्यास केलाय. आणि महिन्याचा पगार आजच्या कामाचा ठरवा. आजचं काम म्हणजे नुसतं धागा दिसणं नाही. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा मामा दारातच थांबला, चप्पल काढता काढता म्हणाला, "सात नंबरचा पिकर गेलाय." शेडमध्ये चोवीस माग खडखडत होते, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. बंडूनं जाऊन बघितलं तर सात नंबरच. रॅपियरवाल्या पोराला हे यायला किती वर्षं लागतील, आणि तोवर उरलेले सोळा माग कोण ऐकणार, त्याचे किती, हे बंडूनंच कागदावर मांडावं. तो हिशेबाला पक्का आहे, चिडून बोलतो एवढंच.

आणि एक. लेकर्सनी जे केलं नाही ते आधी करा. इथं करार करण्यापूर्वी गुडघा बघतात, फोटो काढतात, डॉक्टर काय म्हणतो त्यावर आकडा हलतो. मामाला दिसत नाही, दिसत नाही, असं तुम्ही दोघं महिनाभर भांडताय, पण त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं कुणी नेलं का? लाईट लागल्यावर दिसत नाही, दिव्याभोवती वलयं दिसतात असं तो आईला म्हणाला होता. मला तर मोतीबिंदू वाटतो. मिरजेला घेऊन जा, बंडूलाच पाठवा त्याच्याबरोबर गाडी घेऊन. जाता-येता दोघं काय बोलायचं ते बोलतील. गणपती 5 तारखेला बसतात, त्याच्या आधी झालं तर बरं. खर्च मी पाठवतो, पगारातून धरू नका.

ललिता बाबरची ऑलिम्पिकमधली धावण्याची फायनल बघितलीत का? आम्ही ऑफिसात कॉन्फरन्स रूम बंद करून बघितली. माणदेशातली पोरगी दहावी आली म्हटल्यावर इथल्या लोकांना माणदेश कुठं ते नकाशावर दाखवत बसलो.

आईला नमस्कार, वहिनीला सांगा राखी पोचली, एक दिवस उशिरा. डर्कचा 41 नंबरचा निळा शर्ट धाकट्यासाठी घेतलाय, मापानं मोठा आहे, वाढेल. मामाचं डोळ्याचं काय ते कळलं की लगेच फोन करा, रात्र असली तरी.

तुमचा,
बाळ