दोडक्याच्या बियांबद्दल आक्कांना पत्र

विश्रामबाग, सांगली

तीर्थस्वरूप आक्का यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागले आहे आणि उन्हाळी भाजीचा हंगाम आता संपत आला आहे. घरामागच्या दहा बाय पंधरा फुटांच्या जागेत या वर्षी जे काही पिकले, त्यातील बहुतेक तुमच्यामुळे पिकले. पण समोर येऊन तसे सांगू लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून कळवीत आहे. तुमची नात हे वाचून दाखवीलच. परसात चार रोपे लावणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून पत्र सर्वांसाठी उघडे ठेवले आहे.

दोडक्यापासून सुरुवात करते. एप्रिलमध्ये वेल मांडवभर पसरला होता, फुलेही भरपूर लागत होती, परंतु फुलामागचे बोटभर दोडके पिवळे पडून गळून जात. मी रोज सकाळी पाहायला जाई तेव्हा फुले मिटलेली असत, आणि खत कमी पडत असावे असे समजून मी शेणखत घालत राहिले. तुम्ही एका संध्याकाळी आलात, वेलाखाली उभ्या राहिलात आणि म्हणालात, “दोडक्याचं फूल दिवस मावळताना उमलतं. सकाळी येऊन काय दिसणार?” मग घोसातले एक नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, ते तुम्ही मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवले. मादी फूल कोणते, तर ज्याच्या देठाशी इवलासा दोडका असतो ते. संध्याकाळी फुलांवर येणारे पतंग आमच्या वस्तीत फारसे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचे काम आपणच करायचे, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्यानंतर दिवेलागणीची ती दहा मिनिटे मी एकही दिवस चुकवली नाही, आणि मे महिन्यात आठवड्यातून तीन दिवस आमच्या घरी दोडक्याची भाजी होती. शिरांची चटणी वेगळीच.

दुसरे उपकार पाचटाचे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वरून घातलेले पाणी त्या भेगांतून खाली निघून जाते. तुम्ही मुलाकडून उसाच्या पाचटाचे दोन भारे पाठवलेत आणि ते रोपांच्या बुंध्यापासून थोडे अंतर ठेवून चार बोटे जाड पसरायला लावलेत. रोज दोन वेळा पाणी घालूनही माना टाकणारी वांगी त्यानंतर दोन दिवसांआडच्या पाण्यावर ताठ उभी राहिली. पोखरणाऱ्या अळीने सुकवलेले शेंडे मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिसताक्षणी खुडून लांब नेऊन जाळावे लागले. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव घरच्या झाडाला येईल, असे मला वाटले नव्हते; ती आली.

टोमॅटो गेले, आणि त्याचे दुःख अजून आहे. चैत्रात रोपे लावू नका, पारा चाळिशीकडे गेला की फुले गळतात, असे तुम्ही स्पष्ट सांगितले होते, तरीही मी आठ रोपे लावली. फुलांचे घोसच्या घोस वाळून पडले आणि जी चार फळे धरली त्यांची बुडे काळी पडली. तुम्ही ती पाहिलीत, पण “मी सांगितलं होतं” असा एक शब्द काढला नाहीत; पाणी कधी जास्त, कधी कमी झाले की बुडाला असा डाग पडतो, एवढेच सांगितलेत. कोथिंबीरही उन्हाने लवकर फुलावर गेली.

भेंडीच्या वेळी तर मी तुमच्याशी जवळजवळ वाद घातला. दोन झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या तेव्हा तुम्ही तो केवडा रोग ओळखलात आणि झाडे उपटायला सांगितलीत. त्यांवर कोवळ्या भेंड्या लागलेल्या होत्या, त्यामुळे माझा हात होईना. पांढरी माशी या झाडाचा रस शोषून त्याच तोंडाने शेजारच्या झाडावर बसते, हे समजावत तुम्ही माझ्यासोबत वाकलात आणि दुसरे झाड स्वतः उपटलेत. उरलेली दहा झाडे आजही एक दिवसाआड भेंडी देत आहेत.

आता बियांविषयी. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात तुमच्या नदीकाठच्या घरात पाणी शिरले, बियाण्याची मडकी गेली, आणि या दोडक्याचे बी जतला दिलेल्या तुमच्या बहिणीने परत धाडले म्हणून टिकले, हे तुम्ही बोलता बोलता सांगितले होते. त्यातल्या सहा बिया तुम्ही मला दिल्यात. ते ऐकल्यापासून मी मांडवाच्या आतल्या बाजूचा एक चांगला, सरळ दोडका न तोडता राखला आहे आणि त्याला ओळखीसाठी तांबडी चिंधी बांधली आहे. मधल्या वळिवाने मांडव कलला, तरी तो शाबूत राहिला. त्याची साल तपकिरी होत आली आहे. आत बिया खुळखुळू लागल्या की राखेत घोळून निम्म्या तुमच्याकडे आणीन, निम्म्या माझ्या डब्यात राहतील.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतील शेजारीण