अनुभवी परिचारिका रुग्णालय का सोडतात?

महोदय,

गेली १९ वर्षे मी सोलापुरातील खासगी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यांतील शेवटची ११ वर्षे अतिदक्षता विभागात गेली. गेल्या दोन महिन्यांत आमच्या विभागातील तीन जुन्या सिस्टरांनी राजीनामे दिले. एकीने पुण्यात विमा दाव्यांची कागदपत्रे तपासण्याची नोकरी धरली, दुसरी नर्सिंग महाविद्यालयात शिकवायला गेली आणि तिसरी, जिच्या हाताखाली मी व्हेंटिलेटर सांभाळायला शिकले, ती आता चाटी गल्लीत दिराच्या कापड दुकानात गल्ल्यावर बसते. त्यांच्या जागी नुकत्याच जीएनएम (परिचर्या पदविका) झालेल्या तीन मुली आल्या, ड्यूटीचा तक्ता भरला आणि व्यवस्थापनाच्या लेखी विषय संपला.

तो संपलेला नाही, हे मागच्या महिन्यातील एका नाइटला दिसले. पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण पहाटे तीनच्या सुमारास सारखा कूस बदलत होता. मॉनिटरवरचे आकडे ठीक होते, त्यामुळे नव्या सिस्टरला तो वेदनेने तळमळतो आहे असे वाटले आणि तिने इंजेक्शन भरायला घेतले. मी पांघरूण सारून त्याच्या तळपायांना हात लावला, ते थंडगार होते, आणि लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम चमचा-दोन चमचे भर पडली होती. डॉक्टरांना झोपेतून उठवले. आत रक्तस्राव होत होता, रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले आणि तो वाचला. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्या वयात मीही तेच केले असते. त्या रात्री चार खाटांना आम्ही दोघी होतो म्हणून हे जमले. एरवी चारही खाटा एकीकडेच असतात, आणि भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षता विभागासाठीचा निकष मात्र एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे.

पाय चाचपून पाहण्याची ही सवय यायला वर्षे लागतात, पण पगारपत्रकात त्या वर्षांना रकाना नाही. माझ्या आणि त्या मुलीच्या पगारात साडेचार हजारांचा फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत तो १० टक्क्यांहून आणि ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तर किमान २० हजार द्यावेत, अशी शिफारस केली होती. ती तरी इथे किती ठिकाणी पाळली जाते? शिवाय लहान रुग्णालयांसाठीचा हा २० हजारांचा आकडा पहिल्या दिवशी आलेलीला आणि विसाव्या वर्षी काम करणारीला सारखाच आहे.

त्यामुळे पगार वाढवून घ्यायचा तर रुग्णालय बदलावे लागते, आणि तीन-चार वर्षांनी बदलत राहिले की ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे कुठेच भरत नाहीत. मी हे दोनदा केले आहे.

मग अनुभवी परिचारिकेने जावे कुठे? शासकीय अधिपरिचारिकेच्या भरतीला खुल्या प्रवर्गासाठी ३८ वर्षांची वयोमर्यादा आहे, ती मी ओलांडली. पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी करायची तर दोन वर्षे पगाराविना काढावी लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत, पण चाळिशीत, नाइट आटोपून, मुलाची दहावी सांभाळत जर्मन भाषा शिकणे कितीजणींना झेपेल? खाटेपासून दूर नेणारी, रविवारी सुटी असणारी नोकरी मग आपसूकच शहाणपणाची ठरते. युद्धकाळात चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. कोटणीस हे आपल्या शहराचे भूषण आहे. चीनमध्ये त्यांनी जिच्याशी लग्न केले ती परिचारिका होती, हे भय्या चौकातील त्यांचे स्मारक पाहून येणाऱ्यांच्याही फारसे लक्षात राहत नाही.

आमच्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. सेवेच्या वर्षांनुसार पगाराचे टप्पे ठरवून ते नेमणूकपत्रात लिहावेत. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, देण्या-घेण्यात रोज जाणारा पाऊण तास ड्यूटीत धरावा. नव्या मुलींना शिकवण्याचे काम जुन्या सिस्टरांकडे असतेच, त्याचा भत्ता द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोकरी सोडणाऱ्या परिचारिकेचे अनुभव प्रमाणपत्र आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा प्रकार बंद व्हावा आणि तक्रार आल्यास रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने त्याची दखल घ्यावी. नऊ वर्षांपूर्वी मी सोडलेल्या एका रुग्णालयाने माझ्या चार वर्षांच्या सेवेचे प्रमाणपत्र अजून दिलेले नाही. खेपा घालणे मी कधीच थांबवले, आणि कागदोपत्री माझा अनुभव आजही १५ वर्षांचाच आहे.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, सोलापूर