हरित लेखापरीक्षण कागदावरच राहू नये

महोदय,
महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद) या संस्थेच्या मूल्यांकनात हरित व ऊर्जा लेखापरीक्षणाची, म्हणजे परिसरातील पर्यावरणविषयक बाबींच्या आणि वीजवापराच्या तपासणीची, विचारणा होते, म्हणून महाविद्यालये तसे अहवाल करून घेतात. परंतु त्यातील शिफारशींचे पुढे काय झाले, हे वीजबिलावरून पडताळण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. वर्गातील ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा बसवला, तर तेवढ्याच वाऱ्याला निम्म्याहून कमी वीज लागते. छतावरील सौर पॅनेलची वीज तर नेमकी तासिकांच्या वेळेतच तयार होते, त्यामुळे ती जागीच वापरता येते.

ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील महाविद्यालयांनी तरी छतावरचे पावसाचे पाणी गाळून विंधन विहिरीत सोडणे ही ऐच्छिक बाब मानू नये. वर्गांच्या पत्र्याच्या छतांना वरून उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग देणे फारसे खर्चिक नाही, आणि माझ्या मते हे काम सुशोभीकरणाच्या आधी व्हायला हवे. विद्यापीठानेही उन्हाळी परीक्षा सकाळच्या सत्रात घ्याव्यात आणि प्रत्येक महाविद्यालयाला वर्षभराचा वीज, डिझेल व पाण्याचा वापर सूचनाफलकावर लावणे बंधनकारक करावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, लातूर