अनुदान येईल तेव्हा येईल, हप्ता मात्र पाच तारखेलाच

कोल्हापूर, रविवार

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

काल फोन तू मधेच ठेवलास, त्याबद्दल काही लिहीत नाही. आपले चोवीस साधे माग मोडीत काढून कर्जावर आठ रॅपियर माग घ्यायचा तुझा प्रकल्प अहवाल मी पूर्ण वाचला. शेडचा नकाशा तात्यांना दाखवला, त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितला आणि ‘पोरगं शिकलं’ एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

पण अहवालात सातव्या महिन्यात अनुदानाचे 15 लाख जमा दाखवलेत. हा सातवा महिना कुणी सांगितला तुला?

राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात भांडवली अनुदान आहे, कबूल. पण आधी बँकेचं कर्ज, मग माग येऊन बसायचे, उत्पादन सुरू व्हायचं, कागद जायचे, पाहणी, मंजुरी, आणि निधी असेल तेव्हा रक्कम. केंद्राची सुधारित टफ्स, म्हणजे नवीन यंत्रांना अनुदान देणारी योजना, 31 मार्च 2022 ला बंद झाली, तरी जुन्या दाव्यांचं देणं पुढंही चालूच राहिलं. 15 लाख वर्षभर लांबले तर 11 टक्क्यांनी 1 लाख 65 हजार नुसतं व्याज. ते कुठून भरायचं, त्याचा रकाना अहवालात नाही.

रॅपियरला माझा विरोध नाही. आडवा धागा धोट्याऐवजी पकडच ओढून नेते, म्हणजे कांड्या भरणं गेलं, धोटा गेला, चांगलंच झालं. पण मागाचा वेग म्हणजे कापड नव्हे. 400 आरपीएम (मिनिटाला फेरे), 48 पिक (इंचाला आडवे धागे), 85 टक्के कार्यक्षमता धरलीस, तर तासाला 10.8 मीटर. बरोबर आहे. तीच 70 वर आली की 8.9. पिकाला 10 पैसे मजुरी धरली तर मीटरला 4 रुपये 80 पैसे, म्हणजे चोवीस तासांत एका मागामागे जवळपास 220 रुपये कमी आणि आठ मागांवर पावणेदोन हजार. आणि ती 70 वर कशानं येते, तर सायझिंग, म्हणजे धाग्याला खळ लावणं, कच्चं असलं की ताणा (उभे धागे) सारखा तुटतो. साध्या मागावर खपून गेलेला बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) रॅपियरवर खपत नाही. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होतं. शेडमध्ये आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास ठेवायची तर ह्युमिडिफायर लागणार, त्याचा खर्च तू ‘इतर’मध्ये ढकललायस. विजेचा दाब खालीवर झाला की इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं आणि माग बसतो. स्टॅबिलायझर पहिल्या दिवसापासून लाव. पाया समतल नसला तर माग थरथरतो आणि कार्यक्षमता तिथंच बुडते.

खर्चीवाल्याचं, म्हणजे आपल्यासारख्या मजुरीवर विणणाऱ्याचं, आणखी एक. बीम व्यापाऱ्याचा, बाजार पडला की पहिला बीम थांबतो तो आपला. माग उभा असला तरी हप्ता उभा राहत नाही. आणि अनुदान तर अजून यायचंच असतं!

परत तिथंच आले बघ.

दोन माग तू वापरलेले घेणार म्हणतोस. सुधारित टफ्समध्ये जुनी यंत्रं बसतच नव्हती. राज्याचं काय ते लेखी विचारून घे, दलालाच्या तोंडावर जाऊ नको.

कॉलेजात असताना तुझा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या कापड उद्योगावरचा प्रोजेक्ट मी टाइप करून दिला होता, आठवतंय? रात्री दोनपर्यंत आपण दोघं बसलो होतो, तू मधे मधे शेंगदाणे खात होतास आणि कीबोर्डवर टरफलं. तेव्हा मला पटलं होतं की हा मुलगा काहीतरी करणार. त्यात तिथला 1959 चा कायदा होता. सूतगिरण्यांच्या चात्या आणि माग मोडायला भरपाई, तिचा दोनतृतीयांश वाटा सरकारचा, उरलेला उद्योगावरच्या आकारणीतून, आणि नव्या यंत्रांना खर्चाच्या 25 टक्के. मोडायला रांग लागली, जवळजवळ निम्म्या चात्या गेल्या, पण नवीन बसवायला तेवढे लोक आले नाहीत. आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणून मिरवतात, तर हेही लक्षात असू दे.

म्हणून म्हणते, सोमवारी चोवीसही माग भंगारवाल्याला घालू नकोस. लोखंडाच्या वजनावर गेलेला माग परत येत नाही. बारा आधी काढ. बाकी बारा चालू दे, रॅपियर स्थिर होईपर्यंत घर त्यांच्यावर चालेल. केंद्राच्या पॉवरटेक्स योजनेत साध्या मागाला वेफ्ट स्टॉप, वार्प स्टॉप (धागा तुटला की माग थांबवणारी साधनं) बसवायला खर्चाच्या 50 टक्के मिळत होते, तेही 8 मागांपुरतेच. सध्या तसं काही चालू आहे का, ते विचार.

लेक्चर झालं, माफ कर. तू इंजिनिअर आहेस, मी वह्या लिहिणारी. पण माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरचा पगार कधी थांबला नाही तो या वह्यांमुळेच, एवढं म्हणायचा हक्क ठेवते.

बँकेत मंगळवारी जाशील तेव्हा तीन गोष्टी लेखी घे: मुद्दलाला 12 महिने मोरॅटोरियम (परतफेडीला थांबा), अनुदान आल्यावर ते थेट कर्जात वळवण्याचं कलम, आणि खेळत्या भांडवलाची वेगळी मर्यादा. अनुदानाचा रकाना शून्य धरून हिशेब पुन्हा मांड. तरीही हप्ता निघतोय असं दिसलं तर तात्यांची सही मी आणते.

आक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी आहे. फोन तिला कर, मला नको केलास तरी चालेल.

तुझी आई