तिकडची म्हातारी माणसं रस्त्यावर दिसतात, आपली कुठे आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी परळला राहते, सिव्हिल इंजिनीअरिंग शिकते आणि या वर्षी एक सेमिस्टर एक्स्चेंजवर व्हिएन्नाला होते. परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, काय मग, कसं वाटलं, बर्फ पाहिला का, खायचे हाल झाले का. मला तिथलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते वेगळंच, आणि ते मुंबईत आल्यावरच नीट कळलं म्हणून हे पत्र.

तिकडे रस्त्यावर म्हातारी माणसं दिसतात. खूप दिसतात. सकाळी दहा-अकराला ट्राममध्ये बसलं की आजूबाजूला सत्तरी-ऐंशीच्या आज्या, चाकांचा वॉकर घेतलेल्या, त्याच्या पुढच्या पिशवीत पाव, भाजी, एखादं फुलांचं रोपटं, आणि बरोबर कोणीही नाही. व्हीलचेअरवरची माणसंही तशीच, एकटी, कामाला निघालेली. सुरुवातीला मला वाटलं या शहरात म्हातारे आणि दिव्यांग लोक जरा जास्तच आहेत की काय. मग लक्षात आलं की तसं काही नाही, आपल्याकडेही तेवढेच असतील, फक्त आपले घरात बसलेत.

माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. डोकं एकदम शाबूत, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते (हे पत्र छापलंत तर तीच सगळ्यात आधी वाचेल). मुंबईत ट्राम होती तेव्हा ती शाळेत होती, परळहून ट्रामने दादरला जायची. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ते तिला अजून आठवतं. मी व्हिएन्नाहून ट्रामचे फोटो पाठवले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, पायरी केवढी आहे गं? तिच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न होता, कारण गुडघे गेल्यापासून तिचं बाहेर जाणं पायरीवरच अडलंय.

तर पायरी केवढी आहे ते सांगते. तिकडच्या लो-फ्लोअर, म्हणजे तळ खाली असलेल्या ट्रामचं दार रस्त्यापासून साधारण १८ सेंटीमीटरवर असतं, आणि स्टॉपचा प्लॅटफॉर्म थोडा उंच केलेला असला की मधे जवळजवळ काहीच उरत नाही. स्टॉपवरच्या बोर्डावर पुढची ट्राम किती मिनिटांत येणार हे दिसतं आणि ती लो-फ्लोअर असेल तर बाजूला व्हीलचेअरची छोटी खूण, म्हणजे माणूस ठरवू शकतो की ही सोडून पुढची घेऊ. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहेत. क्रॉसिंगला फूटपाथ उतरत उतरत रस्त्याला टेकतो, सिग्नल टकटक वाजतो म्हणजे दिसत नसलेल्यालाही कळतं. आणि हे एका रात्रीत झालेलं नाही, या ट्राम नव्वदच्या दशकात यायला लागल्या आणि पायऱ्यांच्या जुन्या ट्राम बदलत बदलत पुढची जवळजवळ तीन दशकं गेली, पण एकदा ठरवलं की नवीन येईल ते असंच येईल, आणि ते पाळलं.

लोक मला सांगतात, अगं पण तिकडे म्हातारी माणसं एकटी असतात, आपल्याकडे माणुसकी आहे, शेजारी आहेत, मुलं-सुना आहेत. खरंय, शंभर टक्के खरंय. आमच्या चाळीत आजीला कधी औषध आणायला सांगावं लागत नाही, खालचा पोरगा स्वतःहून विचारून जातो, आणि मला तिथे ही गोष्ट फार आठवायची. रविवारी दुकानं बंद, जिन्यात कोणी कोणाशी बोलत नाही, ते मला कधीच आवडलं नाही. पण म्हणून आपलं सगळं ठीक आहे असं नाही ना. आजीला मंगळवारी सिद्धिविनायकाला जायचं असतं, शिवाजी मंदिरला नाटक बघायचं असतं, दादरला स्वतः हाताने निवडून भाजी घ्यायची असते, आणि यातलं प्रत्येक काम कोणीतरी मोकळं असेल तेव्हाच होतं. ती सारखं म्हणते, राहू दे, तुम्हाला कशाला त्रास. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं लोकलने नोकरी केली तिला आता भाजी घ्यायला परवानगी मागितल्यासारखं बोलावं लागतं, हे मला परत आल्यावर सहन होत नाहीये.

आणि यात माणुसकीचा प्रश्नच नाही, प्रश्न फूटपाथचा आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फूटपाथ इतका उंच की मलाही पाय उचलून टाकावा लागतो, पुढे पेव्हर ब्लॉक निसटलेले, मग एक चेंबर, त्याचं झाकण दोन इंच वर, मग बाइक लावलेल्या, मग रस्त्यावर उतरा, मग परत चढा. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या गाइडलाइन्स आम्हाला अभ्यासाला आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो दिव्यांगांनाही वापरता यायला हवा. आपल्याच शहरात फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब लावले ते इतके जवळजवळ की व्हीलचेअर जाईना, २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. म्हणजे नियम आहेत, कायदा आहे, कोर्ट आहे.

मुंबईत हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली तेव्हा मी आजीला घेऊन गेले, दादर ते सिद्धिविनायक, एकच स्टेशन. लिफ्टने खाली, प्लॅटफॉर्म आणि डबा एका लेव्हलला. दार उघडलं तसा तिने माझा हात सोडला आणि स्वतः आत गेली. कधीतरी शेवटची लोकलमध्ये चढली होती तेव्हा वीस-तीस सेकंदांत गाडी सुटेल या भीतीने तिचे हात कापत होते, इथे ती नुसती चालत गेली. पण दादरच्या स्टेशनपर्यंत जायला टॅक्सी लागली, आणि सिद्धिविनायकला वर आल्यावर देवळापर्यंतच्या थोड्याशा रस्त्याला आतल्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त वेळ लागला. एवढं सुंदर स्टेशन बांधायचं आणि दारापर्यंत माणूस पोचूच नये, हे कसलं प्लॅनिंग? आधी परळहून प्रभादेवीला एल्फिन्स्टनच्या पुलावरून टॅक्सी सरळ जायची, तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला. मग रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या चढा, नाहीतर करी रोड किंवा टिळक पुलाचा वळसा. नवीन पूल होईल तेव्हा त्यावर चालणाऱ्याला कसं चढता येईल हे आत्ताच, कागदावर असतानाच विचारायला हवं.

माझं म्हणणं फार मोठं नाहीये. सध्या शहरभर रस्ते खोदून काँक्रीटचे करतायत, पैसा खर्च होतोय, लोक त्रास सोसतायत. त्याच कामात प्रत्येक क्रॉसिंगला फूटपाथ उतरता करा, १:१२ चा उतार, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, फार काही लागत नाही. चेंबरची झाकणं फूटपाथच्या लेव्हलला बसवा. काम पास करायच्या आधी एखाद्या व्हीलचेअरवरच्या आणि एखाद्या काठी घेतलेल्या माणसाला त्यावरून चालवून बघा आणि त्यांनी हो म्हटलं तरच बिल काढा. रस्ता एकदा काँक्रीटचा झाला की पुढची कित्येक वर्षं कोणी हात लावणार नाही, म्हणून ही घाई आहे.

आणि तुमच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, शेवटचं एकटं बाहेर कधी गेलात आणि कुठल्या जागेमुळे थांबलात. ते बहुतेक नेमकी जागा सांगतील, कुठला कोपरा, कुठली पायरी. तिचा फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, आणि नगरसेवक व्हायची इच्छा असलेले मतं मागायला दारात आले की त्यांच्याही हातात द्या. मी आमच्या गल्लीचे दिलेत.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, परळ, मुंबई