घास अडकतो, तेव्हा दुर्बिणीपुढचीही तपासणी हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अ‍ॅसिडिटीवर अधूनमधून लेख येतोच. एकदा अन्ननलिकेच्या हालचालीवरही येऊ द्या, म्हणून हे पत्र.

नाशिकला सिडकोत माझा जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय आहे. दिवसभर लोकांना जेवू घालायचं आणि स्वतः बसले की भाकरीचा घास छातीत अडकायचा. पुढे पुढे पाणीही उतरेना. रात्री आडवं झालं की खाल्लेलं तसंच घशाशी यायचं. दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल. मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि 'टेन्शन घेऊ नका'. शेजारणींनी दृष्टही काढली, ती निदान फुकट होती.

दुर्बिणीला माझा विरोध नाही. गाठ-जखम नाही ना, हे आधी पाहिलंच पाहिजे. पण दुर्बीण दाखवते ते मुख्यतः अस्तर. अन्ननलिकेचे स्नायू किती जोराने दाबतात, पोटाच्या तोंडाशी असलेली खालची झडप वेळेवर सैल होते का, हे मोजते ती मॅनोमेट्री. पाणीसुद्धा अडकतं म्हटल्यावर तरी ती कुणाला आठवायला हवी होती. अखेर एका तरुण डॉक्टरांनी लिहून दिली.

उपाशीपोटी जायचं. नाकात बधिर करणारी जेली लावून पेन्सिलीहून बारीक नळी पोटापर्यंत सरकवतात. भूल नाही. नळीवर दाब मोजणारे सेन्सर ओळीने असतात. आडवं झोपवून ५ मिली पाण्याचा एकेक घोट देतात, असे १०. एकदाच गिळायचं आणि नंतर अर्धा मिनिट आवंढासुद्धा गिळायचा नाही. नळीपेक्षा हेच अवघड; नको म्हटलं की हटकून येतोच! पडद्यावर जास्त दाब लाल, कमी दाब निळा. एरवी घोटाबरोबर रंगीत पट्टा तिरका खाली उतरतो, तीच घास खाली ढकलणारी स्नायूंची लाट. माझ्यात पट्टाच नव्हता आणि झडप घट्ट मिटलेली. निदान झालं अ‍ॅकॅलेशिया.

आजार विरळाच, लाखात वर्षाला एखादा. पण २०११ च्या जनगणनेतच आपला जिल्हा ६१ लाखांचा होता, हिशेब करा. उपचारही आहेत: फुग्याने झडप ताणणं, तिचे स्नायू कापायची शस्त्रक्रिया, किंवा जपानमध्ये २००८ साली सुरू झालेली, तोंडावाटे दुर्बिणीनेच होणारी 'पोएम'. अन्ननलिकेची गेलेली लाट सहसा परतत नाही, पण घास उतरतो.

नाशिककरांसाठी ही तपासणी कुठे होते, खर्च किती, सरकारी योजनेत बसते का, एवढं एका चौकटीत छापा. माझी गिऱ्हाइकंच विचारायला लागली आहेत आणि मी डबे भरता भरता किती जणांना सांगणार?

– एक डबेवाली वाचक, सिडको, नाशिक